डेल्फाने पिस्तूल बदललं

डेल्फा रायसिग आमच्या कालव्यावर पाटकरी म्हणून लागली तेव्हा तिला अठ्ठावन्नावं सरलं होतं. त्याआधी एकवीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. गावातली निम्मी तरुण मंडळी तिच्या हातचे कोबी-खिम्याचे बन खाऊन मोठी झाली. मग आमची शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिसळली, स्वयंपाकघराला कुलूप लागलं, आणि त्याच वर्षी बर्फ वितळता वितळता आमचा म्हातारा पाटकरी गुडघ्यांपायी घरी बसला. डेल्फाने अर्ज टाकला. आमच्या कालवा मंडळात पाच शेतकरी. त्यांचा अध्यक्ष ओर्विल डाइन्स. तो अर्ज वाचून हसला.

“डेल्फा, हे सूप वाढणं नाही गं,” तो म्हणाला. “एकोणीस मैलांचा कालवा, एकेचाळीस दारं, आणि प्रत्येक दारावर एक भांडखोर शेतकरी.”

“तुझ्या तिन्ही पोरांना एकमेकांच्या ताटातलं ओरबाडू न देता जेवू घातलंय मी,” डेल्फा म्हणाली. “पाणी वाढणं त्याहून अवघड असेल तर सांग, मी आत्ता घरी जाते.”

मी मंडळाच्या कचेरीत फोन घेते. कुणाला किती पाणी हवं, कधी हवं, ते लिहून पाटकऱ्याला कळवते. त्या बैठकीचं टिपणही मीच करत होते. ओर्विलचं हसू मी टिपणात घेतलं नाही, पण ते कुठे थांबलं ते मला दिसलं. डेल्फाला काम मिळालं.

आमचं वायोमिंगचं हे खोरं म्हणजे तसं वाळवंटच. डोंगरावरचं बर्फ वितळून कालव्यात येतं म्हणून बीट आणि जव पिकतं, नाहीतर इथे उंदीरही राहिला नसता. पाटकऱ्याने रोज सकाळी गाडी घेऊन वरच्या टोकापासून निघायचं, दारं वर-खाली करायची, जाळ्यांत अडकलेलं गवत काट्याने उपसायचं, मोजपट्टीवर पाणी बघायचं. माणूस भेटला तर पाण्यासाठी भांडायला, एरवी दिवसभर कोणी नाही. मात्र दारांच्या सिमेंटवर ऊन खात शेपटी वाजवणारे विषारी खुळखुळे साप पडलेले असतात. कधी पिसाळलेला स्कंक, मांजराएवढा तो घाण फवारणारा प्राणी, अंगावर येतो. कधी हरणं कालव्यात पडून हातपाय मोडून घेतात. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात ज्याने त्याने डेल्फाला सांगितलं, पिस्तूल घे.

डेल्फाच्या घरी बापाची जुनी बंदूक होती, पण पिस्तूल तिने कधी हातात धरलं नव्हतं. तालुक्याच्या गावी किप नावाच्या माणसाचं दुकान आहे. तिशीतला, गोड बोलणारा, गिऱ्हाइकाला ‘मॅडम’ म्हणणारा. डेल्फाने त्याला सरळ विचारलं, “मी कालव्यावर काम करते. काय घेऊ?”

किपने काचेखालून एक चिमुकलं रिव्हॉल्वर काढलं. बोटभर नळी, पाच गोळ्या, जांभळी मूठ. “हे बघा मॅडम, खास बायकांसाठी. पर्समध्येसुद्धा मावतं.”

“मी पर्स घेऊन गवत उपसत नाही.”

“पण वजन बघा ना! दिवसभर कमरेला आहे की नाही कळणारसुद्धा नाही.”

डेल्फाने ते तळहातावर घेतलं. दोन मध्यम बटाट्यांएवढं वजन. कमरेला आधीच किल्ल्यांचा जुडगा, पकड, फोन. हलकं ते बरं, असं तिला वाटलं. शिवाय दुकानात तिच्या मागे दोन पुरुष उभे होते, आणि आपल्याला काही कळत नाही हे त्यांच्यादेखत फार वेळ दाखवत बसायची तिची तयारी नव्हती. हे तिने मला पुढे स्वतःच सांगितलं. फॉर्म भरला, किपने सरकारी कचेरीला फोन लावून तिचं नाव तपासून घेतलं, आणि अर्ध्या तासात पिस्तूल तिचं झालं.

रविवारी ती भावाच्या शेतावर गेली. मातीच्या ढिगापुढे कॉफीचा डबा ठेवला. पहिल्या बाराला पिस्तुलाने तिच्या पंजात हातोडा मारावा तसा धक्का दिला. दुसऱ्याला अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी फाटली. तिसऱ्यापासून तिने डोळे मिटले. पाच गोळ्या संपल्या, डब्याला ओरखडाही नाही. डेल्फाने हाताला फडकं बांधलं आणि पिस्तूल गाडीच्या समोरच्या खणात टाकलं. जवळ आहे ना, मग झालं. त्यानंतर तिने ते बाहेर काढलंच नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, सतराव्या दारापाशी एक हरिणी लोखंडी गजांत अडकलेली तिला दिसली. पाण्याने वाहत आणून आदळली असावी. पाठ मोडली होती. पुढचे पाय सिमेंटवर घासत होते, मागचे नुसते लोंबत होते. ओर्विल त्याच वेळी पाणी कमी येतंय म्हणून भांडायला आला होता. दोघांनी मिळून हरिणीला ओढून काठावर घेतलं. डेल्फाने वनरक्षकाला फोन केला. तो साठ मैलांवर होता. म्हणाला, “तिचे हाल करू नका. तुमच्यापाशी काही असेल तर तुम्हीच संपवा, मी नोंद करतो.”

“माझी रायफल घरी राहिली,” ओर्विल म्हणाला. “तुझ्याकडे आहे ना?”

होतं. डेल्फाने खणातून ते जांभळं पिस्तूल काढलं. हरिणीपासून ती चार पावलांवर उभी राहिली. पहिली गोळी पाण्यात गेली. दुसरी हरिणीच्या पोटात. तिसरी दाराच्या सिमेंटवर आपटून उलटली, ओर्विलच्या टोपीपासून हातभर अंतरावरून गेली आणि त्याच्या गाडीचा मागचा दिवा फोडला. ओर्विल खाली बसला. चौथी कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. पाचवी मानेत लागली, पण जीव गेला नाही. आणि गोळ्या संपल्या.

ओर्विल उठला. गाडीत बसला आणि रायफल आणायला घरी गेला. तो परत येईपर्यंत डेल्फा हरिणीपाशी बसून राहिली. हरिणीने तोंडातून आवाज काढला नाही. ती नुसती बघत होती.

गावात दुसऱ्या दिवशी कॉफीच्या टेबलावर याची चर्चा झाली नसती तर ते आमचं गाव नव्हे. “काय डेल्फा, आज कुणाचा दिवा मालवायचा?” एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, “कालव्याला भोक पडलंय म्हणे, ओर्विलचं पाणी तिथूनच गळतंय.” डेल्फाने कॉफी संपवली, ओर्विलच्या दिव्याचे पैसे त्याच्या बशीखाली ठेवले आणि कचेरीत आली. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसली.

“बारा मिनिटं जिवंत होती ती, मार्गो,” ती म्हणाली. “घड्याळात बघितली मी.”

“तुझा काय दोष? तू मुद्दाम थोडंच केलंस?”

“पोटात मी मारली. ओर्विलच्या कानापाशी मी मारली. मग दोष काय हरिणीचा?”

मी म्हटलं, “मग नको ठेवूस ते पिस्तूल. वनरक्षकाला बोलवत जा.”

“आणि तो येईपर्यंत बघत बसू? पुन्हा?” तिने पुन्हा फडकं बांधलेला हात टेबलावर ठेवला. “नाही. हे पिस्तूल मी बदलणार. पण या वेळी आधी शिकणार, मग घेणार. उलटं केलं तिथेच माझं चुकलं.”

लोक म्हणायचे डेल्फा हट्टी आहे. मला ती तेव्हा हट्टी वाटली नाही. ज्या आवाजात ती स्वयंपाकघरात ‘भांडी घासल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही’ म्हणायची, तोच तो आवाज होता.

ती आधी किपकडेच गेली. मीही सोबत होते. किपने गोष्ट ऐकून चुकचुक केली आणि लगेच एक काळं, चपटं पिस्तूल पुढे केलं. “मग हे घ्या मॅडम. आता सगळे हेच घेतात. पंधरा गोळ्या. एक नाही लागली तर दुसरी.”

“पंधरा चुका करायच्या का मी?” डेल्फा म्हणाली. तरी तिने हातात घेऊन बघितलं. गोळी नळीत आणायला त्याचा वरचा भाग मागे ओढावा लागतो. एकवीस वर्षं मोठमोठी पातेली उचलून तिच्या अंगठ्याचे सांधे धरलेत. तो भाग अर्ध्यावरच अडकला.

“सवय होईल हो.”

“सवय व्हायला मी बत्तीसची नाही.” तिने पिस्तूल काचेवर ठेवलं. “किप, गेल्या वेळी मी तुला विचारलं, काय घेऊ. पुढच्या वेळी येईन तेव्हा मी तुला सांगेन, काय दे.”

गावाबाहेर खडीची जुनी खाण आहे. शनिवारी सकाळी तिथे नेमबाजी चालते. शिकवणारा ग्रेशियन इरिगोयेन, एकोणऐंशी वर्षांचा. बाप बास्क मेंढपाळ, युरोपातल्या पायरेनीज डोंगरांतून इकडे आलेला. ग्रेशियनने स्वतः तीस वर्षं गुरांवरचे मालकीचे डाग तपासायची सरकारी नोकरी केली. माणूस उंचीला बेताचा, कानाने मंद आणि जिभेला तिखट. शिकवायचे पैसे घेत नाही. डेल्फा टोपलीभर कोबी-खिम्याचे बन घेऊन गेली.

ग्रेशियनने आधी बन खाल्ला, मग पिस्तूल रिकामं करून हातात घेतलं आणि उलटसुलट बघितलं. “हे कोणी दिलं तुला? कुणाशी वैर आहे का तुझं?”

“मीच घेतलं, ग्रेशियन. माझ्या पैशांनी.”

“मग बरंय. माफ करायला माणूस लांब शोधायला नको.” तो तिच्याकडे बघून म्हणाला, “ओर्विलचा दिवा तूच फोडलास ना?”

“तुम्हालाही कळलं?”

“मला ऐकू येत नाही, पण एवढं आलं. सांग, सिमेंटच्या दिशेला गोळी का मारलीस?”

“मी हरिणीकडे बघत होते.”

“आणि हरिणीच्या मागे काय आहे ते कोण बघणार? गोळी नळीतून सुटली की तिला तुझं नाव माहीत नसतं. शेरिफला असतं.” हे वाक्य त्याने पुढे तिच्याकडून इतक्या वेळा म्हणवून घेतलं की ते मलाही पाठ झालं.

मग त्याने तिच्याकडे पाठ करून पिस्तुलात गोळ्या भरल्या आणि तिला दिलं. “मार.” डेल्फाने दात आवळले, चाप ओढला. धाड! हात वर गेला. पुन्हा चाप ओढला. या वेळी नुसतं ‘टक्’ झालं, बार उडालाच नाही. पण नळी चांगली वीतभर खाली गेली आणि डेल्फाचे खांदे कानांना लागले.

“काय झालं?” ग्रेशियनने विचारलं.

“बिघडलंय.”

“बिघडलेलं नाही. मी मध्ये खोटी गोळी घातली होती, बार नसलेली. पिस्तूल उडालं नाही, धक्का बसला नाही. मग नळी खाली कोणी ढकलली?”

डेल्फाने नळी पुन्हा वर उचलून बघितली. नंतर हळूच म्हणाली, “मी. बार उडायच्या आधीच.”

“पोटातली गोळी तिथून आली. तुझा हात शहाणा आहे बाई. त्याला एकदा मार बसलाय, आता तो आधीच अंग चोरतो. हे पिस्तूल वाईट नाही. खिशात लपवून फिरायचंय, हातभर अंतरावरच्या माणसापासून जीव वाचवायचाय, आणि वर्षानुवर्षं हात बसलाय, अशा माणसाला ते चालेल. नवशिक्याने ते हातात घेणं म्हणजे पोहायला शिकायला पुरात उडी मारणं. नळी तोकडी, वजन नाही, वर दारूगोळा दांडगा. सगळा धक्का हातातच येतो.”

“मग मला काय पाहिजे?”

“ते मी सांगणार नाही. किपने केलं तेच मी केलं तर फरक काय?” त्याने आपल्या पेटीतून बारीक गोळ्यांचं एक जुनं, लांब नळीचं पिस्तूल काढलं. “सहा शनिवार हे मारायचं. धक्का नाही, आवाज बेताचा. नळीच्या टोकावरच्या माशीवर, नेम धरायच्या त्या खुंटीवर, डोळा ठेवायचा आणि चाप असा ओढायचा की बार कधी उडाला ते तुझं तुला कळू नये. सहा शनिवारांनी बोलू.”

डेल्फाने सहा शनिवार मारलं. घरी रोज संध्याकाळी जेवणाआधी जांभळं पिस्तूल दोनदा रिकामं तपासून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, भिंतीकडे नळी करून ती नुसता चाप ओढायची. ग्रेशियनने सांगितलं होतं, नळीवर एक नाणं ठेव. चाप ओढताना नाणं पडलं तर पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या आठवड्यात नाणं तीनदासुद्धा टिकेना. चौथ्या आठवड्यात एकदा मी तिच्याकडे गेले तेव्हा तिने वीस वेळा चाप ओढला आणि नाणं जागचं हललं नाही. ती हसलीसुद्धा नाही. म्हणाली, “एकवीस झाल्यावर जेवू.”

याच सुमाराला तिच्या बहिणीची मुलगी ब्रिया आली. ब्रिया नुकतीच घटस्फोट घेऊन एकटी राहायला लागली होती. तिने टेबलावरचं पिस्तूल बघितलं. “मावशी, किती गोड आहे हे! तू बदलणारच आहेस ना? मग मला दे की.”

“नाही.”

“फुकट नको. पैसे देते.”

“पैशांचा प्रश्न नाही. गोड वाटलं, हलकं वाटलं, म्हणूनच मी घेतलं होतं. तुला मी चूक का देऊ, ती वापरलेली आहे म्हणून?”

ब्रिया रागावली. तिने आईला सांगितलं आणि बहिणीचा फोन आला: पोर एकटी राहते, तुझ्या घरात पिस्तूल पडून आहे, आणि तू तिला देत नाहीस, काय म्हणावं तुला? डेल्फाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “शनिवारी तिला खाणीवर पाठव. तिच्या हाताला काय बसतं ते तिलाच ठरवू दे. हे तिला मिळणार नाही.” पंधरा दिवस बहिणी एकमेकींशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या शनिवारी ब्रिया तोंड फुगवून खाणीवर आली. ग्रेशियनने तिच्या हातात खोट्या गोळीसकट ते जांभळं पिस्तूल दिलं. दोन बारांनंतर तिने ते स्वतःहून खाली ठेवलं, आणि हात झटकत मावशीच्या टोपलीतला बन उचलला.

सहा शनिवार झाल्यावर आसपासचे लोक आपापली पिस्तुलं डेल्फाला मारून बघायला देऊ लागले. तो एक सोहळाच झाला. चेष्टा करणारेच आधी आले. डेल्फा एकेक हातात घ्यायची आणि स्वयंपाकघरातल्या भाषेत निकाल द्यायची. एकाची मूठ म्हणजे ओली साबणवडी. दुसऱ्याचा चाप म्हणजे गंजलेला नळ. “हे चांगलं आहे हो, पण गोळ्या भरायला माझे अंगठे नाहीत, तुझे आणावे लागतील.” आठ-नऊ झाली, तेव्हा तिला काय पाहिजे ते तिचं तिलाच कळलं: पोलादी, वजनदार, वीतभर नाही तरी चार बोटं नळीचं, पंजा भरेल अशा मुठीचं, मऊ धक्क्याच्या मध्यम गोळ्या घेणारं, आणि मागे ओढायची भानगड नसलेलं.

तसं एक किपच्या दुकानात होतं. जुन्या मालाच्या फळीवर, कोपऱ्यात, निळा मुलामा उडून नळी राखाडी झालेलं.

“अहो मॅडम, ते?” किप म्हणाला. “ते जुनं आहे. जड आहे. पोलिसांचं टाकाऊ. बायकांना नाही शोभत.”

“जड आहे म्हणूनच. पण घेण्याआधी मी ते मारून बघणार.”

“तशी आपली पद्धत नाही हो. दुकानातला माल असा बाहेर...”

“मग पद्धत कर. शनिवारी दहाला खाणीवर ये, पिस्तूल तुझ्याच हातात ठेव, मी मारेन, तू परत घे. आवडलं तर तिथूनच दुकानात जाऊन रीतसर फॉर्म भरू.”

किप आला. मला वाटतं, गंमत बघायला आला. डेल्फाने ते जुनं पिस्तूल घेतलं, मागे मातीचा उंच बांध आहे ना ते बघितलं, दोन्ही पाय रोवले आणि सावकाश सहा गोळ्या मारल्या. कागदावरची सहाही भोकं एका बशीने झाकली जातील इतकी जवळ होती. कोणी टाळी वाजवली नाही, पण ओर्विलने, होय, तोही आला होता, टोपी मागे सारली.

“हेच,” डेल्फा म्हणाली. मग आपल्या डब्यातून तिने जांभळं पिस्तूल काढलं, पाच गोळ्या भरल्या आणि किपपुढे धरलं. “आता तू.”

किप हसला. “मला काय...”

“पाच गोळ्या. मी पाच मारल्या होत्या.”

सगळे बघत होते. किपने पिस्तूल घेतलं. पहिल्या बाराला त्याचं हसू गेलं. दुसऱ्यानंतर त्याने आपल्या पंजाकडे बघितलं. पाचवी गोळी बांधाच्या अगदी वरच्या काठाला लागून माती उडाली, आणि ग्रेशियन ओरडला, “अरे, बांध समोर आहे, आभाळात नाही!”

किपने पिस्तूल उघडून रिकामं केलं. हात मांडीवर चोळत उभा राहिला.

“हे तू यंदा किती बायकांना दिलंस?” डेल्फाने विचारलं. आवाज चढवला नाही.

“चौदा... पंधरा असतील.”

“त्यातल्या किती जणी परत गोळ्या न्यायला आल्या?”

किप विचार करू लागला. आधी चटकन काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं होतं, ते मिटलं. खाणीत वारा सुटला होता, कागद फडफडत होते. त्याने बोटांवर मोजून बघितलं.

“एकही नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे पंधरा घरांत ते खणात पडलंय,” डेल्फा म्हणाली. “वेळ येईल तेव्हा बाहेर निघेल. आणि त्यांना वाटतंय, आपल्यापाशी आहे.”

किपने मान डोलावली. तो वाईट माणूस नव्हता. त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही स्वतःला विचारलं नव्हतं, एवढंच. दुपारी दुकानात त्याने जांभळं पिस्तूल परत घेतलं आणि जुनं तिला दिलं. डेल्फाने एकच अट घातली: ते विकायचं तर घेणाऱ्याला आधी मारून बघू द्यायचं. पुढे ते शेरिफच्या एका निवृत्त माणसाने घेतलं. त्याला कोटाच्या खिशात मावणारं काहीतरी हवंच होतं आणि त्याचा हात तयार होता. हल्ली किप महिन्यातून एका शनिवारी दुकान उशिरा उघडतो. सकाळी चार-पाच पिस्तुलं पेटीत घालून तो खाणीवर येतो. त्या पंधरांतल्या सहा-सात जणी येऊन बदलून गेल्या. उरलेल्यांना त्याने पत्रं घातली. काहींनी उत्तर दिलं, काहींनी नाही.

डेल्फाच्या कमरेला ते जुनं धूड सुरुवातीला चांगलंच कळायचं. संध्याकाळी पट्टा काढला की ती हुश्श करायची. मी म्हटलं, जड होतंय ना? ती म्हणाली, “होऊ दे. कळतंय म्हणून सांभाळते.” हिवाळ्यात कालवा कोरडा पडतो, पण शनिवार चुकला नाही. उणे पंधरात हातमोजे काढून ती सहा बार मारायची, पुन्हा हातमोजे घालायची, पुन्हा काढायची.

पुढच्या वर्षी जूनमध्ये लाइल बुखर्टच्या घोडीचा पाय गुरं अडवायच्या लोखंडी जाळीत गेला. लाइल सव्वासहा फुटांचा गडी, बैलाला शिंगाला धरून वळवणारा. हाड कातडीबाहेर आलं होतं. जनावरांचा डॉक्टर दुसऱ्या टोकाला एका गाईपाशी अडकला होता. दीड तास लागेल म्हणाला. डेल्फा तिथून तिसाव्या दाराकडे चालली होती. लाइलने तिला हात केला. त्याच्या हातात स्वतःची रायफल होती, आणि तो रडत होता.

“मला नाही होत गं, डेल्फा. बावीस वर्षांची आहे ती. माझ्या मुली तिच्यावर बसायला शिकल्या.”

“तू तिचं डोकं धरू नकोस,” डेल्फा म्हणाली. “तू माझ्या मागे, गाडीच्या त्या बाजूला जा. तिच्याशी बोल. तुझा आवाज तिला ऐकू येऊ दे.”

ती घोडीच्या पुढ्यात गेली. मागे काय आहे ते बघितलं: नांगरलेलं रान, पलीकडे चढ, माणूस नाही, गुरं नाहीत. लाइल गाडीमागून काहीतरी बोलत होता, घोडीचं नाव घेत होता. डेल्फाने ग्रेशियनने शिकवल्याप्रमाणे घोडीच्या डोळ्यांपासून कानांपर्यंत मनातल्या मनात फुली काढली, पिस्तूल वर केलं आणि चाप सावकाश ओढला. एकच बार. घोडी आहे तिथे खाली बसल्यासारखी झाली आणि संपली.

लाइलने तिला घरी कॉफीला बोलवलं. ती नको म्हणाली. त्याच्या दंडावर जरा हात ठेवून उभी राहिली, मग गाडीत बसली. मला हे सगळं लाइलने सांगितलं; डेल्फाने त्या दिवशी मला फक्त फोन केला. 

“मार्गो, तिसावं दार वीस मिनिटं उशिरा उघडलंय. तिथल्या शेतकऱ्याच्या पाळीत तेवढी वीस मिनिटं पुढे धर. आणि ओर्विलला सांग, आज त्याचं पाणी पुरेपूर येतंय, उगाच भांडायला येऊ नकोस म्हणावं.”